ढवळीचा कोंडवाडा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक मोसंबीच्या झाडाखाली पालथे पडले होते. कानात स्टेथोस्कोप आणि त्याचं दुसरं टोक एका काळ्या इंजिनाच्या पोटाला. धुराडं, चाकं, दांडे सगळं खऱ्या रेल्वेसारखं, फक्त आकाराने मांजराएवढं. मी ओट्यापाशी उभी राहून खाकरले. त्यांनी मान न उचलता एक बोट वर केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "पोटात गुडगुड चालू झाली. आता उठंल."

आणि खरंच, इंजिनाने फुस्स करून वाफ सोडली, चाकं हलली, आणि ते त्यांच्या नाकासमोरून निघून झाडांच्या रांगेत दिसेनासं झालं. मग ते उठले, छातीवरची माती झटकली आणि मला म्हणाले, "खोली वर हाये. पाणी सकाळी येतं. ढोरांना भेत न्हाई ना तुम्ही?"

मी ढोरांचीच डॉक्टर होते. परतूर तालुक्यातल्या त्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते, आणि मी ज्या खुर्चीवर बसायला आले होते तिच्यावरूनच हे गृहस्थ काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचं. मी काका म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत 'बाई' म्हणाले.

इंजिन त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलेलं. निवृत्तीची भेट. कपाटात ठेवायची शोभेची वस्तू असं समजून काकूंनी ते काचेच्या कपाटात, शाल-श्रीफळ घेतानाच्या फोटोंशेजारी मांडलं होतं. काकांनी मात्र सोबतची पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचून काढली. त्यात त्यांना कळलं की याच्या पोटात पाणी घालतात, खाली स्पिरिटचा दिवा लावतात, वाफ धरते आणि ते आपल्या पायाने चालतं. त्याच दिवशी त्यांनी ते कपाटातून बाहेर काढलं. "जे पाणी पितं, तेल चाटतं आन् मागून घाण टाकतं, त्याला कोंडून ठेवायचं कामून?" असं त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी कपाटातल्या रिकाम्या जागी बरणी ठेवली.

नाव ढवळी. इंजिन काळं कुळकुळीत होतं, पण काळीला काळी म्हटलं की दृष्ट लागते, असं त्यांचं म्हणणं.

घराला लागूनच त्यांची मोसंबीची बाग होती आणि त्या बागेत त्यांनी ढवळीसाठी रूळ टाकले होते. जालन्याहून लोखंडी पट्ट्या आणल्या, बाभळीचे तुकडे कापून खाली घातले, वर बारीक खडी. आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे रूळ रोज कुठेतरी वाकलेले असत आणि काका रोज सकाळी हातोडी घेऊन उकिडव्याने सगळा रस्ता चालत. पाणी भरायला गायीम्हशींना औषध टोचायची मोठी सिरिंज. स्पिरिट तेच, सुई मारायच्या आधी कातडीला लावतात ते. चाकं तपासायची असली की ते म्हणत, "जरा खुरं बघून घेतो." चालून आल्यावर लगेच पाणी द्यायचं नाही, ऊर भरेल. अमावस्येला जुंपायचं नाही. हे सगळं ते चेष्टेनं करत असावेत असं मला पहिला महिनाभर वाटत होतं. ते कधी हसलेच नाहीत, तेव्हा मी तसं वाटून घेणं सोडून दिलं.

त्या इंजिनाची एक गंमत होती. त्याला दुरून चालवायची काही सोय नव्हती. वाफ सोडायचा खटका उघडायचा आणि हात काढून घ्यायचा, की पोटातलं स्पिरिट संपेपर्यंत ते आपलं आपण फिरत राहायचं. काका स्टुलावर बसून वाट बघत. मध्येच कोणी आलं तर बोलत, पण कान तिकडे. झाडांमागून टकटक आवाज जवळ आला की बोलणं अर्ध्यात सोडून म्हणत, "आली." आणि ती गेली की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढे.

माणसांच्या दुखण्यातही ते लक्ष घालत, पण त्यांना एक सवय जडली होती. जनावराच्या डॉक्टरला रोग्याशी बोलता येत नाही; तो मालकाला विचारतो. काका माणसांच्या बाबतीतही तेच करत. मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून त्यांनी काकूंना विचारलं, "सकाळपासून तोंड लावलं का कशाला? शेण... म्हंजे पोट साफ हाये का?" मी म्हटलं, काका, मी सांगते ना. त्यांनी माझ्याकडे न बघता काकूंना सांगितलं, "बडबड करून राह्यली. ताप डोक्यात गेला वाटतं." आणि माझ्या पाठीवर दोनदा थाप मारून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. त्यांनी त्याचं श्रेय थापेला दिलं.

आता बांधाचं सांगायला हवं.

बागेच्या पलीकडे एक बांध होता आणि बांधापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं, बापूंचं रान आणि घर. या दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. बापूंचा एक बैल होता, जिवापाड जपलेला. त्या वेळी काका नोकरीवर भोकरदनकडे, धावड्याला होते. बैलाने ओला लसूणघास खाल्ला आणि त्याचं पोट फुगलं. बापूंनी दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं नाही. दादालाच फोन केला आणि वाट बघत बसले. काका मिळेल त्या गाडीने आले तोवर बैल गेला होता. बापू जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "गावाच्या ढोरांना देव, घरच्याला दगड." काका उंबऱ्यातूनच परत फिरले. बापूंनी पुढे बैल ठेवलाच नाही, ट्रॅक्टर घेतला. दोघी जावा मात्र बांधावर रोज भेटत, भाज्यांची देवाणघेवाण करत, आणि दोन्ही घरांना एकमेकांची सगळी खबर असे.

ढवळीला वळायला मोठी जागा लागायची. लहान वळणावर ती उलटायची. काकांच्या बागेत तेवढी रुंदी नव्हती, म्हणून रूळ बांधावरून पलीकडे, बापूंच्या रानाचा कोपरा घेऊन परत येत. विचारायचं तर बोलणं नव्हतं. काकूंनी जाऊबाईंच्या कानावर घातलं, जाऊबाईंनी बापूंच्या. बापू काहीच बोलले नाहीत. काकांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि बांध फोडून पट्ट्या टाकल्या. ढवळी रोज पलीकडे जाऊन परत यायची. बापू तिकडे खुरपत असले तरी मान वर करत नसत, असं धाकट्या काकू सांगत.

मग पोळा आला. पोळ्याला काकांनी ढवळीला न्हाऊ घातलं, तिच्या धुराड्याला गेरू लावला, बेगड चिकटवली, काकूंनी शिवलेली झूल पाठीवर घातली. दिवा पेटवला नाही, कारण पोळ्याला जनावर जुंपत नाहीत. तिला पाटावर ठेवून दोन्ही हातांनी धरून ते वेशीतल्या तोरणाखाली रांगेत उभे राहिले, पुढे एक खिल्लारी जोडी, मागे एक. मी त्यांच्यासोबत होते, कारण काकूंनी मला पाठवलं होतं. लोक काही म्हणाले तर म्हणून. लोकांत कुजबुज झाली. तोरणाखालून लोखंड न्यायचं का, यावर चार माणसांनी विचार केला. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "पाणी पितं, राबतं, आज सुट्टीवर हाये. मंग जाऊ द्या." ढवळी तोरणाखालून गेली. काकूंनी तिच्यापुढे पुरणपोळी ठेवली आणि नंतर ती मी खाल्ली.

परत येताना बापूंच्या दारावरून आलो. त्यांच्या घरी त्या दिवशी पूजायला मातीचे बैल होते. बापू दारात उभे होते. त्यांनी ढवळीकडे बघितलं, झुलीकडे बघितलं, आणि आत गेले. काकांनी पाट छातीशी जरा जास्तच घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी ढवळी बांध ओलांडून पलीकडे गेली आणि परत आली नाही.

आम्ही स्टुलावर आणि बाजेवर बसलो होतो. काका म्हैस आणि रेडकू यांच्याबद्दल काहीतरी सांगत होते, मध्येच थांबले, कान दिला. आवाज नव्हता. रुळावरून घसरली असेल म्हणून मी उठले, तर ते म्हणाले, "बसा. घसरली असती तर वाफ सुटली असती." तेवढ्यात काकू बांधाकडून धावत आल्या. बापूंनी ढवळीला धरलं होतं. दिवा फुंकून विझवला, धुराड्याला दावं बांधलं आणि दुसऱ्याचं जनावर रानात घुसलं म्हणून गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातलं होतं.

कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायचं पत्र्याचं आवार. मला तिथून सरकारी बोलावणं आलं. जाऊन बघते तर एका मोकाट कालवडीच्या आणि एका शेळीच्या मधे ढवळी खुंट्याला बांधलेली, आणि राखणदाराने तिच्यापुढे मूठभर कडबाही टाकलेला. एका बाजूला बापू, दुसऱ्या बाजूला काका. दोघंही कालवडीकडे बघत होते. राखणदार बिचारा कावला होता. मला म्हणाला, "म्याडम, तुम्ही सरकारी डॉक्टर. हे जनावर हाये का न्हाई तेवढं सांगा. असल तर ठेवून घेतो. नसल तर हे भंगार मी कामून सांभाळू?"

'भंगार' म्हटल्यावर दोन्ही भावांच्या भुवया चढल्या.

बापू मला म्हणाले, "विचारा त्यांना, हे जनावर हाये का न्हाई?"

काका मला म्हणाले, "सांगा त्याला, हाये. बिलकुल हाये. पण पिकाला तोंड लावलं का? एक पान तरी तोडलं का? तसं असल तर पंचनामा दाखवा म्हणावं."

"तोंड न्हाई लावलं," बापूंनी मला सांगितलं. "पण घुसलं बराबर."

मी दोघांच्या मधे उभी. मला वाटलं, खरं बोलून टाकलं तर सगळाच तिढा सुटेल. मी म्हटलं, हे जनावर नाही, यंत्र आहे. कोंडवाड्यात ठेवता येत नाही, ज्याचं त्याला द्या.

कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते दोघे भाऊ एकाच दिशेला बघत होते. माझ्याकडे.

"कुठल्या कॉलेजात शिकल्या तुम्ही?" काकांनी विचारलं.

बापू राखणदाराला म्हणाले, "नवीन हायेत. शिकतील."

राखणदाराने मात्र माझाच शब्द धरला. यंत्र आहे ना, मग ज्यानं आणलं त्यानं घेऊन जावं, असं म्हणून त्याने दावं सोडून ढवळीला बापूंच्या हातात दिलं. काकांना हात पुढे करता आला नाही. हात पुढे केला तर 'दे' म्हणावं लागलं असतं, आणि बोलणं तर नव्हतं. बापू ढवळीला काखेत मारून चालू लागले. काका मला म्हणाले, "त्याला सांगा, उपाशी ठेवू नको म्हणावं." तो निरोप द्यायला मी बापूंच्या मागे गेले. बापूंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

मग वाईट दिवस आले. काका रोजच्या वेळी स्टुलावर जाऊन बसत. रूळ रिकामे. हातोडी घेऊन वाकलेली पट्टी सरळ करत, पुन्हा येऊन बसत. चहा आला तर पीत, नाही आला तर मागत नसत. काकू मला म्हणाल्या, मुलगा परदेशी गेला तेव्हाही यांनी असं केलं नव्हतं. एकदा त्यांनी सिरिंजमध्ये घट्ट तेल भरून काकूंच्या हाती बांधावर पाठवलं. सांध्यांना लावा, गंजेल, एवढाच निरोप. धाकट्या काकूंकडून उलट खबर आली. बापूंनी आधी ढवळीला ट्रॅक्टरशेजारी ठेवलं होतं. मग जुन्या गोठ्यात, रिकाम्या दावणीपाशी नेलं. रोज धोतराच्या धडप्याने पुसतात. तेल लावलं. काल तिच्यासमोर नुसतेच बसले होते, बराच वेळ.

काका हे ऐकून म्हणाले, "हं." मग, "पाणी कोणतं देऊन राह्यला विचारा. बोअरचं नको म्हणावं. पोटात खडे होतील."

त्यानंतर लवकरच, मी दवाखान्यातून जेवायला घरी आलेली असताना, बांधापलीकडून चिरकी, न थांबणारी शिट्टी ऐकू आली. काका भाकरी मोडत होते. त्यांचा हात थांबला. आणि मग आरोळी आली.

"दादा! दादा, ढवळी फुगली!"

काका ताटावरून तसेच उठले. खुंटीची बॅग घेतली, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि बागेतून पळत सुटले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. बांधावर ते अडखळले नाहीत, उडी मारून पलीकडे गेले. मी आणि काकू मागे.

गोठ्यात ढवळी जमिनीवर उभी होती. बापूंनी तिला पाणी पाजलं होतं, स्पिरिट घातलं होतं, दिवा पेटवला होता, पण वाफ चाकांकडे सोडायचा खटका त्यांना माहीत नव्हता. वाफ आतल्या आत कोंडली होती आणि डोक्यावरच्या झडपेतून किंचाळत बाहेर पडत होती. ते तर झडपेचं कामच होतं. फुटायची भीती नव्हती. पण बापूंना ते कसं कळावं? ते दावणीला पाठ टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पुढे केलेले आणि हात लावायची हिंमत नाही.

काका गुडघ्यावर बसले. स्टेथोस्कोप लावला. एवढ्या आवाजात त्यांना काय ऐकू आलं असेल कोण जाणे, पण लावला. मग म्हणाले, "काही न्हाई झालं. हिला चालवावं लागंल. फुगलेलं जनावर बसू देत न्हाईत. उचल, जल्दी."

बापूंनी फडक्यात धरून ढवळीला उचललं आणि दोघांनी मिळून तिला रुळावर, बापूंच्या रानातल्या त्या कोपऱ्यावर ठेवलं. काकांनी खटका उघडला. ढवळीने एक मोठा सुस्कारा सोडला, शिट्टी थांबली, आणि ती निघाली. दोघे भाऊ कमरेत वाकून तिच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. आजारी जनावराला चालवताना चालतात तसे, एक हात तिच्या पाठीपासून जरा वर धरून. मी मागून चालत होते.

बांधाच्या अलीकडे बापू बोलले. तोंड खालीच होतं.

"तवा मी त्याला चालवलंच न्हाई, दादा. बसून राह्यलो तुमची वाट पाहत. तो बी बसला."

काकांनी रुळावरचा एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, "चालवून बी वाचला नसता, बापू."

"खरं?"

"विचार बाईंना. शिकलेल्या सवरलेल्या हायेत."

बापूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. काकांनी बघितलं नाही. लसूणघासाने फुगलेला बैल वेळीच उठवून चालवला, घशात तेल ओतलं, तर पुष्कळदा वाचतो. हे मी शिकले होते आणि काकांनी तर हयातभर केलं होतं. मी म्हटलं, "काका बरोबर सांगतात. तेवढं फुगलेलं जनावर नाही वाचत."

बापूंनी मान डोलावली. ढवळी बांधावर चढली आणि पलीकडे मोसंबीत उतरली. दोघेही तिच्यामागे उतरले.

त्या दिवशी काकांनी अर्धी राहिलेली भाकरी बापूंच्या घरी जाऊन खाल्ली. पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. बोलणं सुरू झाल्यामुळे भांडायची मोठी सोय झाली. बापूंनी बांधावर बांबूचं फाटक बसवलं आणि ढवळी यायच्या वेळी ते सगळ्यांना अडवू लागले. एकदा त्यांनी स्वतःचाच ट्रॅक्टर अडवला आणि त्यावर बसलेल्या मजुराला थांबायची कारणं समजावून सांगितली. ढवळी रात्री कुणाच्या गोठ्यात राहणार यावर वाद झाला. बापूंचं म्हणणं, तिला दावणीची सवय लागली. काकांचं म्हणणं, तिला कुलरची. शेवटी काकूंनी दिवस वाटून दिले.

माझी बदली राजूरकडे झाली. निघताना काका स्टुलावरच होते. त्यांनी काकूंना विचारलं, "तिकडं पाणी कसंय? हिला मानवंल का?" मी काकूंकडे बघितलं. काकूंनीच सांगितलं, मानवेल.

परवा काकूंचा फोन आला. दोघे भाऊ जालन्याला एका वर्कशॉपमध्ये जाऊन आले होते, तिथल्या कारागिराच्या मागे लागून त्यांनी एक छोटं इंजिन करून घेतलं होतं. ढवळीचं वासरू. ते आलं तेव्हापासून दोघांचं बोलणं पुन्हा बंद होतं. काकांच्या मते ती कालवड आहे, बापूंच्या मते गोऱ्हा. काकू म्हणाल्या, तुम्ही येऊन तपासून सांगा, दुसऱ्या कुणाचं ते ऐकायचे न्हाईत.

मी रविवारी गेले. वासरू बाग आणि बापूंच्या रानाच्या मधे, बांधावर, पाटावर ठेवलं होतं. एका बाजूला काका उकिडवे, दुसऱ्या बाजूला बापू. मी स्टेथोस्कोप लावला. खुरं बघितली. मग उलटं करून, चष्मा पुसून, नीट वेळ घेऊन पोटाखाली पाहिलं. बापू माझ्या हातांकडे बघत होते.

"गोऱ्हा आहे," मी म्हटलं.

काकांनी वासरू माझ्या हातातून घेतलं, एकदा उलटं करून स्वतः पाहिलं, आणि बापूंकडे दिलं. "बराबर हाये," ते म्हणाले. "बाई शिकल्या आता."